नाक्याच्या दहा पावलं अलीकडं

बोरी,
वैशाख शुद्ध ५, शके १८७०

तीर्थस्वरूप सौ. उमाअक्कास, धाकट्या मल्लूचे शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं. अप्पा, अव्वा खुशाल. खुशाल म्हणजे जिवंत, एवढाच अर्थ आता इकडं उरलाय. तांबडी व्याली, गोऱ्हा झाला.

हे पत्र वैजीनाथ गाडीवान सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात रिसोडला टपालात टाकील. इकडच्या टपालात टाकलेलं मधेच फोडून वाचतात. त्याची गाडी आज दुपारी निघते. तिच्यात अव्वानं आणि मी बसावं, अकोल्याहून आगगाडी धरून तुमच्याकडं म्हैसूर राज्यात यावं, असं अप्पांनी ठरवलंय. ते स्वतः दुकान सोडणार नाहीत. अव्वा म्हणते, "मल्लू गेला तर मी जाते, ऱ्हायला तर मी बी हितंच." म्हणजे दोघांचं माझ्यावर आलं.

तीन दिवस मी नुसता तोलायलोय. दावणगेऱ्यात आपली माणसं पुष्कळ. दाजींच्या अडतीवर कापूस तोलायचं काम. तिथं रस्त्यावर मोटार वाजली तर लोक मोटार बघायला बाहेर येतात, असं तू लिहितेस. इथं परवा जिंतूरच्या रस्त्यानं मोटार आली, तर मी दुकानातल्या सरकीच्या ढिगाआड जाऊन बसलो. रझाकारांची असंल वाटलं. कुण्या मोतमिदाची, सरकारी साहेबाची होती, निघून गेली. अव्वा म्हणाली, "हैद्राबादेत डरकाळ्या आन् बोरीत म्याऊ." कालेज सोडून आलो तेव्हा मास्तरांच्या तोंडावर वही फेकली, हे मीच गावभर सांगत हिंडलो होतो ना. आता ऐकावं लागतं.

उलट बाजूला, कानडी येत नाही. 'ऊट आयता', जेवण झालं का, एवढंच तू शिकवलेलं. तेवढ्यावर जन्म कसा काढायचा?

आणि चन्नबसम्मा आहे.

तुला ठाऊक आहे. मठाच्या रेवणय्यांची मुलगी. जंगमाची मुलगी आपल्या वाण्याच्या घरात देत नाहीत, हेही तुला ठाऊक आहे, ते परत लिहू नकोस. ती मठाच्या विहिरीवर येते, मी समोरून जातो. तिच्यासाठी थांबायलोय, असं मी अप्पांना सोडून सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच खरं वाटत होतं.

अक्का, आता खरं लिहितो. दाजींना वाचून दाखवू नकोस.

अकरा दिवसांपूर्वी मी रिसोडहून परत आलो. रझाकारांशी लढणाऱ्या पोरांची तिथं छावणी आहे, तिथली एक चिठ्ठी जिंतुरात पोचवायची होती. ती मी लिंगाच्या चांदीच्या डबीत घडी करून घातली. गळ्यातल्या लिंगाला कोण हात लावतंय? चांगली युक्ती होती. पण येलदरीच्या उतारावर नवा नाका बसलेला दिसला, दोन बंदुका दिसल्या. नाका दहा पावलांवर असताना मी पाणी पिण्याच्या निमित्तानं वाकलो, शिवदोरा तोडला आणि डबी पूर्णेच्या डोहात सोडली. लिंगासकट. चिठ्ठी तेवढी काढून गिळता आली असती. ते सुचलंच नाही.

नाक्यावरच्या शिपायानं माझ्याकडं धड बघितलंही नाही. म्हणाला, "काडी हय क्या, बाबा?" मी काडेपेटी दिली. त्यानं बिडी पेटवली, पेटी परत दिली, म्हणाला, "जाव."

निरोप तोंडपाठ होता, तो पोचवला. जिंतूरच्या पोरांनी पाठ थोपटली, वाघ म्हणाले. मी थोपटून घेतली.

तेव्हापासून गळ्यात फडक्यात बांधलेली सुपारी आहे. जेवणाआधी भिंतीकडं तोंड करून तिलाच विभूती लावतो आणि जेवतो. लिंग गेलं तर नवं धारण करीपर्यंत अन्न घ्यायचं नाही, जुन्या काळी माणसं जीव देत, हे रेवणय्यांच्याच तोंडून लहानपणी आपण दोघांनी ऐकलंय. नवं द्यायचं तेही त्यांनीच. परवा अखितीला सगळे मठात पूजेला बसले, मी ताप आला म्हणून पडून राहिलो. चन्ना प्रसाद घेऊन आली. अव्वा आत होती.

"ताप लय हाय म्हनं."

"हाय."

"मग गळ्यावरलं उपरनं काढ की. उकडत न्हाई?"

मी काढलं. तिनं फडक्याचा आकार बघितला. जंगमाच्या घरची आहे, तिला काय सांगावं लागतंय.

"किती दिवस झालं?"

"नऊ."

"आन् जेवलास?"

"जेवलो."

ती दारातूनच म्हणाली, "दावणगेऱ्यात दुसरं मिळंल. कुनी इचारनार न्हाई. म्हनून चाललास व्हय?"

मी म्हणालो, मी तर तुझ्यासाठी थांबायलोय.

"माझ्यासाठी थांबू नको. माझं लगीन अय्या ठरवतील तिथं हुईल. पर त्यांना सांगून जा. न्हाईतर तिथं बी तू सुपारीच बांधून फिरशील."

प्रसाद उंबऱ्यावर ठेवून गेली. माझ्या हातात दिला नाही.

अक्का, मला बंदुकीची भीती वाटते, मोटारीची वाटते, पण रेवणय्यांच्या ओसरीवर जाऊन तोंड उघडायची सगळ्यात जास्त वाटते. ते मला मठातून काढतील. अप्पांची मान गावात खाली जाईल. चन्ना पुन्हा विहिरीवर दिसायची नाही. आणि तुझ्याकडं यायचं माझं खरं कारण तेवढंच होतं.

गाडी जुंपायला घेतलीय. हे पत्र वैजीनाथच्या हातात देऊन मी मठाकडं निघालोय. अय्या काय सांगतील माहीत नाही. ते सांगेपर्यंत गाडी गेलेली असेल, हे मात्र माहीत आहे. अव्वाला इथं माझ्यापायी ठेवायची नाही. दाजींनी पुनवेनंतर रिसोडला यावं. तिला मी तिथवर आणून सोडीन, त्याच नाक्यावरून.

काल सकाळपासून ताटावर बसलो नाही. अव्वाला पोट दुखतं म्हणून सांगितलंय. तू विचारशील, ऊट आयता? नाही, अक्का. अकरा दिवसांत पहिल्यांदाच खरं उत्तर देतोय.

तुझा उपाशी भाऊ,
मल्लिकार्जुन