बैठकीची खोली आणि खंडू भालेराव यांचं नाव

लिहून ठेवणार: जानकाबाई खंडू भालेराव, वय ७२, धंदा शेती, राहणार मौजे शिरसमाळ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जे तो आणायला आले त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हा मजकूर माझ्या हातचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे यजमान कालकथित खंडू चिमाजी भालेराव दोनदा अपक्ष म्हणून पंचायत समितीवर निवडून गेले आणि चारदा पडले. गेल्या मार्चमध्ये ते गेले. जलदानविधीला तीन पक्षांचे पुढारी येऊन त्यांच्या स्पष्ट बोलण्याचं कौतुक करून गेले. त्याच तिघांनी कधी ना कधी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला होता. त्याचा राग मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेते.

१. विहिरीखालची माझ्या नावची एक एकर दहा गुंठे जमीन मुलगा रत्नदीप आणि घोडेगावला दिलेली मुलगी अमृता यांना निम्मी निम्मी. भावाने साडी घेतली की बहिणीने हक्कसोडीवर सही करायची, ही रीत या घरात चालवू नये.

२. सोन्याच्या दोन पाटल्या नात साक्षीला. शिकायला मोडल्या तरी चालतील.

३. यजमानांची पुस्तकं, कात्रणं आणि हातातला भोंगा अमृताला. भोंगा बिघडलेला आहे. त्यांना तो तसाही लागत नव्हता.

४. घर माझ्या नावावर आहे. ते रत्नदीपला. रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीचं मात्र सविस्तर लिहावं लागतं. तिथे लोक अर्ज घेऊन यायचे, यजमान ते वाचून द्यायचे. चहा पिऊन त्यांनाच शिव्या देऊन जाणारेही पुष्कळ होते.

मागच्या महिन्यात रत्नदीप संमतीपत्र घेऊन आला. म्हणाला, "आई, आप्पांचं नाव लई चालतंय. खोलीवर त्यांचा फोटू अन् पक्षाची पाटी लागली की माझं तिकीट पक्कं. तू फक्त सही कर."

फक्त सही कर, हे मी पूर्वीही ऐकलं आहे. महिला राखीव जागेवर मी सरपंच झाले तेव्हा मला सहीपुरतंच लिहिता यायचं. आधी सह्या, ठराव मागून, अशीच आमच्याकडे वहिवाट होती. ग्रामसेवक म्हणाले, बाई, खाली सही करा, वरचं मी सावकाश लिहितो. मी केली. वर लिहिलं गेलं की सोळा गुंठे गायरान एका संस्थेला दिलं.

यजमानांना कळलं. घरी चकार शब्द बोलले नाहीत. ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "सरपंचबाईंनी कोऱ्या पानावर सही केली. माझ्या घरातली चूक हाय म्हणून ती लहान व्हत न्हाई. ठराव रद्द करा."

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. ठराव रद्द झाला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी विचारलं, पेपरात काय आलंय. ते म्हणाले, "वाच." पेपर माझ्यापुढे सरकवून ते गोठ्यात गेले. ओतूरच्या एसटी स्टँडवरच्या पाट्यांवरून अक्षर लावत लावत मी वाचायला शिकले. मंत्री असो की बायको, त्यांचा आवाज एकच असायचा. असा माणूस पन्नास वर्षं माझ्या हातची भाकरी खात होता, याचं मला अजून नवल वाटतं.

संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. आधी वाटलं, खोली अमृताला द्यावी आणि वाद मिटवावा. पण ज्यांनी कोणाचं तोंड बंद केलं नाही, त्यांच्या मुलाचा दरवाजा मी बंद करू नये. म्हणून खोलीही रत्नदीपलाच, कोणत्याही अटीशिवाय. त्याने हव्या त्या पक्षाची पाटी लावावी, पण पाटीवर नाव स्वतःचं घालावं. आप्पांचं नाव आणि फोटो ही माझी मालमत्ता नाही, म्हणून मला ती देता येत नाही.

रत्नदीप, ते नाव असं मिळत नाही. आपल्याच माणसाची चूक भर सभेत उभं राहून सांग, मग लोक आपण होऊन म्हणतील, खंडूचा पोरगा. माझ्याही पुष्कळ चुका आहेत. मी अजून जिवंत आहे, सुरुवात माझ्यापासून कर.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

जानकाबाई खंडू भालेराव

साक्षीदार:
१. दादाभाऊ भिका डोके. यजमानांविरुद्ध तीन निवडणुका लढले, म्हणून मुद्दाम बोलावले.
२. नूतन रामनाथ तांबे, शिक्षिका, ओतूर.

मौजे शिरसमाळ, दि. १४ नोव्हेंबर २०२५