पाय बसले, डोकं नाही

१४ ऑक्टोबर १९९६, रामनगर

माझी धाकटी बहीण केशर सासरहून परत आली. आली कसली — पाठवली! जोयड्याहून दुपारच्या बसने, एक ट्रंक घेऊन. तिच्या चार वर्षांच्या लेकीला, लाडूला, सासूने ठेवून घेतलं.

कारण काय, तर बेडं. तिच्या सासरच्या गावात सगळ्यांच्या भाताला मिळून एकच कुंपण, आणि आत शिरायला बांबूच्या आडव्या दांड्यांची एकच वाट — तेच बेडं. संध्याकाळी शेवटी निघेल त्याने दांड्या सरकवायच्या. परवा शेवटची केशर होती. एक दांडी सरकवली, तेवढ्यात वासरू काट्यांत अडकून हंबरलं. ही धावली, वासरू सोडवलं आणि त्याला घेऊन थेट घरी गेली. बेडं तसंच! गवे शिरले. लोंब्या भरलेलं भात तुडवलं, अख्ख्या गावाचं.

सासू तुळजाबाईंचं म्हणणं, "हिचं ध्यान जागेवर न्हाई. हिच्या हातात पोर द्याची न्हाई."

१५ ऑक्टोबर

वासराचं कोणीच बोलत नाही!

१७ ऑक्टोबर

बेळगावला पेपरच्या कचेरीत गेलो होतो. आमच्या पेपरात आरोग्यावर लिहिणारे डॉक्टर भेटले. सगळं सांगितलं. म्हणाले, "असा चंचलपणाचा आजार असतो, पण लहान मुलांचा. चौदा-पंधराव्या वर्षी जातो. तिशीच्या बाईला? आळस म्हणा."

आळस! उजाडायच्या आत गोठा काढणारी बाई आळशी! बावीस वर्षं बातम्या लिहितोय, इतकं बेफिकीर वाक्य कुठल्या पुढाऱ्यानेही दिलं नाही मला.

शाळेत मास्तरांनी तिला आईच्या लुगड्याच्या काठाने खांबाला बांधली होती. काठ तोडून फणसावर जाऊन बसली. तेव्हापासून ऐकतोय — मोठी झाली की बसेल. मग, लग्न झालं की बसेल. मग, पोर झालं की बसेल. कुणी आखलं हे वेळापत्रक?

जेवताना केशरलाच विचारलं. भात चिवडत म्हणाली, "पाय बसत्यात आता, अण्णा. डोस्कं न्हाई बसत. एक काम धरलं की दुसरं हाक मारतंय, आन् पैलं हातातनं सुटतंय. भाईरनं दिसत न्हाई, म्हून लोक म्हणत्यात, सुधारली."

१८ ऑक्टोबर

तिने दूध चुलीवर ठेवलं आणि विसरली. उतू गेलेलं आमच्या हिने न रागावता पुसून घेतलं. बरं केलं.

२४ ऑक्टोबर

धारवाडला नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. तरुण माणूस, पण ऐकून घेणारा. म्हणाले, "उड्या वयाबरोबर कमी होतात. विसरणं, भरकटणं पुष्कळांचं मोठेपणीही राहतं. हा तिचा दोष नव्हे. काही घराण्यांत असतंही हे."

बाहेर येऊन केशर बाकावर बसली. "जलमभर शिव्या खाल्ल्या ओ, अण्णा. फुकट!"

३० ऑक्टोबर

केशरच्या सासरी, गावच्या देवळात बैठक झाली. रीतीप्रमाणे केशरने देवापुढे नारळ आणि कोंबडा ठेवला, गावाची माफी मागितली. नवरा कान्हू खाली मान घालून बसला होता. एकदाही वर बघेना!

केशरचं मागणं एकच — तुमच्या घरी नको तर नको, माझी पोर द्या.

तुळजाबाई म्हणाल्या, "वासरू आठवतंय, बेडं आठवत न्हाई. उद्या पोर इसरंल हिरीवर!"

मी आवाज न चढवता डॉक्टरांचं सांगायला लागलो. आणि तिचा दोष नाही हे पटवायच्या भरात बोलून गेलो — हे रक्तातनं येतं.

तुळजाबाईंनी पान थुंकलं. "रगतातनं? म्हंजे पोरीतबी हाय म्हणा की!"

शब्दांवर पोट भरणारा मी, आणि नको तो शब्द त्यांच्या हातात दिला! बैठक उठली. लाडूला नुसतं बघूही दिलं नाही.

बसमध्ये केशर माझ्याशी बोलली नाही.

१ नोव्हेंबर

आज पेपरला बातमी पाठवली नाही. केशर अजून बोलत नाही.

२ नोव्हेंबर

सकाळी केशरच्या सासरच्या गावच्या गुणाची जीप दारात. मागच्या सीटवर लाडू, कपड्यांचं गाठोडं घेऊन! गुणा ओशाळून म्हणाला, "म्हातारीचा निरोप हाय — हीबी आयशीवानीच निघणार. आमच्यात नको. दोगींनाबी तुमीच संभाळा."

माझं डोकं भडकलं. पण केशर पोरीला कडेवर घेऊन हसतच सुटली. "गुणादादा, माझाबी निरोप सांग. बोललाय ते आता माघारी घेऊ नका म्हणावं!"