तीन लिटरची रेघ

सोमवार, ३ तारीख
पेलाभर स्वच्छ पाण्याला खरं काय लागतं, याचा हिशेब आज बसमध्ये मांडला. सव्वा पेला मळकं पाणी, पोलादी नळी फुटेल की काय असं वाटायला लावणारा दाब, कागदाहून पातळ पडदा आणि तो पडदा तुंबू नये म्हणून पहाऱ्याला एक माणूस. पहिल्या तिन्ही गोष्टी बाजारात मिळतात. चौथी मी.

जागा झकास आहे. कारखाना छोटेखानी, नळाच्या तोट्यांना मुलामा देणारा. मुलामा चढला की तोट्या तीन हौदांत बुचकळून धुतात. ते हिरवट धुवण पंप दाबून पडद्यातून काढतो आणि स्वच्छ पाणी पुन्हा त्याच हौदांत येतं. मागे उरतं ते कडवट पाणी भट्टीत आटवायचं, त्याची वाफ थंड करून तीही परत. तरी दिवसाला तीन लिटर वाफ निसटतेच. तेवढं नवं पाणी रोज सकाळी साठवण टाकीत लाल रेघेपर्यंत भरायचं. बस्स, एवढंच काम.

माणसं मात्र घुमी. सगळ्यांचे ओठ फुटलेले, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी हसून नमस्कार केला, तर भिंतीला केल्यासारखा परत आला. हौदांच्या ओळीवर ज्यांची हुकमत चालते त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी मला खालून वर असं पाहिलं, जसा बाजारात भोपळा पारखावा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी आपल्या यंत्राचं पाणी चारचौघांत पिऊन दाखवायचं. मीही पेला भरला. मावशी पटकन म्हणाल्या, हे पाणी धुवायचं आहे, प्यायचं नाही. मग कोण जाणे का, त्यांनी मान खाली घातली. मी एका दमात पेला रिकामा केला. टाळी कुणी वाजवली नाही, पण ओळीभर सुस्कारा गेला. माझे कान तिखट आहेत, तो सुस्कारा सुटकेचा होता.

गोदामवाल्याने मला पिंपं तोलायच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो. म्हटलं, लिहून ठेवा, निव्वळ माल आहे. त्याने खरंच खडूने भिंतीवर लिहिलं. शेजारी जुने आकडे होते, तीनतीनने उतरत गेलेले. पिंपांची वजनं असावीत.

मंगळवार, ४
साठवण टाकी रेघेवर! रात्रभर भट्टी चालली, तरी एक थेंबही घालावा लागला नाही. काल वाफेच्या नळीचा सांधा मी आवळला होता, त्याचा गुण. तीस वर्षांपूर्वी पिंपं घासत या धंद्यात आलो, शिकवायला कुणी नव्हतं. पण पंप मला आपलं दुखणं स्वतः सांगतो. थेंब न घालता रेघ राखणारा दुसरा माणूस दाखवावा कुणी! मालकांना तसं सांगितलंही. ते हसले नाहीत. जेवण नीट जातं का, एवढंच विचारलं.

गुरुवार, ६
आजही टाकी रेघेवर. तिसरी सकाळ.

तहान फार लागते. आवारातल्याच माझ्या खोलीवर माठभर पाणी संपवतो, पण घाम नाही, लघवी नाही. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. गोदामवाल्याने बोलावून काट्यावर घेतलं. एकोणसत्तर. म्हटलं, काटा म्हातारा झालाय, आजोबांना निवृत्त करा. त्याने पंचवीस किलोचं मिठाचं पोतं ठेवून दाखवलं. काटा बरोबर पंचवीसवर थांबला.

पंपाच्या आवाजाखाली दुसरा एक बारीक आवाज येतो. घोट घेतल्यासारखा. पडदे जिथे बसवलेत त्या नळकांड्याला कान लावला. मी आवंढा गिळला, आत कुणीतरी गिळलं.

शुक्रवार, ७
मावशी आज माझ्याशी गोड बोलल्या. त्यांचे ओठ भरून आलेत. ओळीवरच्या सगळ्यांच्या बोटांच्या चिंध्या सुटल्यात, कातडी मऊ, पोरांसारखी. माझ्या बोटांना चिरा पडल्यात. रक्त येत नाही.

विचारलं, माझ्या आधी इथे कोण होता. मावशी म्हणाल्या, होता एक. त्याच्या आधी एक होता. पाण्याला ज्याचं तोंड लागतं, त्याला ते धरून राहतं. आणि कुणी लागलेलं नसलं की मग आमचं थोडंथोडं ओढतं. मी म्हटलं, मला आधी सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं की. एकदा सांगितलं होतं.

शनिवार, ८
मालकांकडे गेलो, नोकरी सोडतो म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, खुशाल जा, दार उघडंच आहे. मागचाही असाच निघाला होता. फाटकापर्यंत पोचला.

मीही फाटकापर्यंत पोचलो. जसजसा पंप मागे राहिला तसतशी छाती रिती होत गेली. गुडघ्यावर आलो. रखवालदाराने उचललं नाही. पायाने सरकवलं, आतल्या बाजूला.

रविवार, ९
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तुमचा आवाज वाळल्या पानासारखा का येतोय? बुधवारी भेटायला येते. मी नको म्हणालो. ती हट्टी, माझ्यावरच गेलीय. तिलाही रीत ठाऊक आहे — लहानपणी प्रत्येक कारखान्यात माझ्या हातचा पेला ती पहिली —

तिला येऊ द्यायचं नाही.

सोमवार, १०
पंपाची कळ बंद केली. बंद होताच कानांत शांतता — माझ्या छातीतही. ठोका नाही. एक, दोन, तीन — मावशीने धावत येऊन कळ दाबली. पंप लागला, ठोका लागला. दोन्ही एकाच चालीवर. इतक्या दिवसांत मला कळलं नाही. माझ्या कानांना!

मावशी चिडली होती. म्हणाली, असला आगाऊपणा पुन्हा नको, ओळ थांबते.

आरशात दात मोठे दिसतात. रडायचा प्रयत्न केला. कोरडं —

मंगळवार, ११
दोघांनी धरून काट्यावर उभं केलं. चोपन्न. माझ्या रांगेत चोपन्न लिहिलं. शेजारच्या रांगा बावन्न, एकोणपन्नासला संपतात. उद्या लेक —

तिला चिठ्ठी लिहिली, पिऊ नकोस म्हणून. रखवालदाराने वाचली, खिशात घातली. मावशीने नवा पेला घासून ठेवलाय.

टाकी रेघेवर. आठवी सकाळ. आठ त्रिक चोवीस. अठ्ठ्याहत्तरातून चोवीस गेले, चोपन्न. सांधा आवळला त्याचा गुण नव्हता. कसब नव्हतं. रेघेपर्यंत भरलं ते सगळं पाणी माझ्या —