बाबा आधी जाऊन आले

मंगळवार, ऑगस्ट २००६. अकोटा

नोकरी मिळाली. सव्विसाव्या वर्षी, पहिली. रावपुऱ्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचे. पण इतक्या सहज कशी? मी खुर्चीत बसायच्या आधीच मालक मनुभाईंनी उठून पंखा बंद केला. त्या खडखडाटात मला काही सुचत नाही, हे त्यांना कसं कळलं? मी तर अजून बोललेही नव्हते.

डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितल्यापासून बाबा सगळीकडे माझ्याआधी जाऊन बोलून येतात. इथेही शब्द टाकला असणार. नाहीतर माझ्यासाठी पंखा कोण बंद करतं?

जेवताना सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही मनुभाईंना भेटलात का?" ते वरणभात कालवत राहिले. म्हणजे भेटले. दयेची नोकरी मला नको. मी लॅबमध्ये फोन लावला.

"हा बेन, पप्पा आव्या हता, आले होते," मनुभाई त्यांच्या गुजराती-मराठीत म्हणाले. "पण तुला घेऊ नका सांगायला. म्हणे, तिला पंख्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही. मी म्हटलं, तर पंखा बंद करू! टाइपिंग सारं आहे तुझं."

सारं म्हणजे चांगलं. आनंद झाला, पण फोन ठेवून मी सरळ खोलीत आले.

आत्ताच बाबा विचारून गेले, उद्या स्कूटरवर सोडू का. मी म्हटलं, रिक्षाने जाईन.