फेण्यांच्या गच्चीवर काळ्या काचा

तुम्ही मला एकच रीत शिकवलीत आणि जगात दुसरी असते हे कधी सांगितलं नाहीत. तांदळाच्या ओल्या फेणीला वारा लागू द्यायचा नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा भिजवून वाटलेला तांदूळ पानावर पातळ पसरायचा, वाफवायचा, सोलून सावलीत ठेवायचा, हेच माझं काम. एकदा घाईनं मी सुपानं वारा घातला. सगळ्या तडकल्या. तुम्ही म्हणालात, "आयशीनं काय शिकवलंन तुला? निस्ती चूल फुंकायला?" माझ्या आईपर्यंत गेलात, ते मी विसरलेली नाही. असो. आत्याबाई, वर गेलेल्या सासूला सुनेचा नमस्कार. आता ऐका.

तुमची पणती, म्हणजे माझी नात, पनवेलच्या बाजूला कारखान्यात आहे. तिथे उन्हावर वीज करणाऱ्या काचा बनवतात. जुन्या निळ्या नव्हेत, या नव्या मालाला पेरोव्स्काइट म्हणतात, ते नाव माझ्या कवळीत अडकतं. तो माल शाईसारखा पातळ, आणि काचेवर सारखा पसरला पाहिजे, एवढ्यावर सगळा खेळ. नखाएवढ्या तुकड्यावर थेंब टाकून तुकडा गरगर फिरवला की झकास बसतो, म्हणते. पण निम्मीअधिक शाई उडून फुकट जाते, आणि दाराएवढी काच कोण फिरवणार? म्हणून आता लांबलचक फटीतून शाई सोडतात आणि खालून काच सरकत जाते. शिमग्याला मी फेण्या घालत होते, ही शेजारी बसून हे सगळं सांगत होती. मी आपलं शहाणपण काढलं, "सावकाश सुकव. वारा न्हाय लागू द्यायचा."

ती हसायलाच लागली. "आजी, आमचं तिथंच बिघडतं. ओलं राहिलं की दाणे वाढतात, मधे भोकं पडतात. फटीच्या मागोमाग आम्ही हवेचा झोत सोडतो. पिवळं असतं ते बघता बघता काळं होतं."

"म्हंजे माझी सासू खोटी?"

"फेणीपुरती खरी."

बघा. एवढंच राज्य उरलं तुमचं.

मग तिनं खरं काम काढलं. खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात या काचा टिकतात का ते बघायचं होतं, म्हणून आपल्या गच्चीवर थोड्या लावू दे म्हणाली. टिकल्या नाहीत तर साहेब हे काम बंद करणार. "लाव की, त्यात इचारायचं काय?" म्हटलं. ती म्हणाली, "आजी, त्यात शिसं असतं."

मी हातातलं पान खाली ठेवलं. गच्चीचं पाणी नळीनं आपल्या विहिरीत उतरतं. तरुणपणीचा तुमचा मुलगा, माझा नवरा, दिसला मला. विहिरीच्या कट्ट्यावर बसलाय, मासे धरायच्या पागाच्या जाळ्याला वजनाच्या गोळ्या करायला शिसं वितळवतोय. तुम्ही न्हाणीतून ओल्या पायांनी येता, फडक्यानं शिशाची कढई धरता आणि दगडी गडग्यापलीकडे भिरकावता. "उद्या पोरा ह्योच पानी पितील!" मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला डाफरायला निमित्त पाहिजे.

"फुटली तर?" मी नातीला विचारलं.

"दोन काचांमधे बंद केलंय, कडा चिकटवल्यात."

"फुटली तर, इचारलं मी."

"तर पावसाबरोबर थोडं वाहील. नळी विहिरीवरून काढू, पाणी टाकीत घेऊ. मी दर रविवारी येऊन बघेन, टाकीतलं पाणी तपासायला नेईन."

"आणि सोमवारी फुटली तर?"

खोटं बोलली असती तर हाकलली असती. "भीती मलाही वाटते," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.

नळी टाकीत वळवली, काचा लागल्या, पाऊस लागला. रोज सकाळी मी जिना चढते, गुडघे शिव्या देतात. तिनं बजावलंय, काळं पुन्हा पिवळं झालं तर समजायचं आत पाणी शिरलं. आज एका काचेच्या कोपऱ्यात पिवळं दिसलं. पदरानं पुसलं, गेलं नाही. सांगावं तर पोरीचं काम जातं, न सांगावं तर तुमची कढई डोळ्यांपुढे. शेवटी फोन केला. ती म्हणाली, "हात लावू नकोस. टाकीचा नळ उघडू नकोस. मी निघते."

हा कागद तिच्या हाती पडता कामा नये. नाहीतर तिला कळेल की मी होकार विजेसाठी दिला नव्हता, रविवारसाठी दिला होता. आणि विहिरीचं काय, असं तुम्ही वरून ओरडणार असाल तर माझ्यावर ओरडू नका, तिच्या साहेबालाही मधे आणू नका. ती येतेय. उत्तर तिनंच द्यायचं, विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून, माझ्यासमोर.