चौथी बाजू

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५
पोहोचले एकदाची! बेल्ह्याच्या अलीकडे टेम्पोतून उतरले तेव्हा डोक्यापर्यंत धुळीने माखले होते, पण जागा झकास आहे. सहा एकरांची जुनी खडीची खाण बाहेरची माती टाकून बुजवलीय. तिच्यावर आता किती हिरवं आलंय आणि किती जातींचं, ते मला मोजायचंय. राखणदार ठमाबाईंनी आल्याआल्या भाकरी-ठेचा पुढे केला. पावण्यांसाठी तिखट कमी टाकलंय म्हणे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! पुण्याला लेकीला, इंद्रायणीला, फोन केला. रविवारी पोरगी सहा वर्षांची होतेय. केक कापायच्या आत येते, अशी शपथ घ्यावी लागली.

मंगळवार, ९
काम सोपं. मीटरभराची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची. आत कोणती रोपं, माती किती झाकलीय, ते वहीत लिहायचं. ज्याचं मूळ आत, तेच मोजायचं. बाहेरून वाकून आलेलं पान धरायचं नाही. जागाही आवडीने निवडायची नाही. चिठ्ठीत आकडा निघेल तितकी पावलं चालायची.

आधीच्या माणसाने ठेवलेली चौकट पाहून हसूच आलं. तिला तीनच बाजू! ठमाबाई म्हणाल्या, हितं झाडाचं आळंसुदिक आमी पुरतं करीत न्हाई, एक बाजू मोकळी ठेवतो. भरावाची माती उपरी हाय, तिला सोताचं मूळ न्हाई. कोंडलं की ती धरून ठेवती. मी म्हटलं, मावशी, मोजमापात असलं काही चालत नाही. संध्याकाळी बेल्ह्यात चांदभाईंकडून चौथी बाजू वेल्डिंग करून आणली.

बुधवार, १०
वीस जागा झाल्या, वीस उरल्या. बहुतेक उघडी माती, थोडं कुसळी गवत, कुठे टाकळा. पण एक नवलच! सकाळी जिथून चौकट उचलली, तिथे दुपारी नेमका मीटरभर चौकोन हिरवागार. कडा सुरीने कापल्यासारख्या. ठमाबाईंनी चौथी बाजू कापून टाका म्हणून हात जोडले. अर्धे आकडे एका चौकटीचे, अर्धे दुसरीचे, असं कसं चालेल? हट्टी तर मी आहेच.

गुरुवार, ११
एकविसावी जागा. बारीक रोपं दिसेनात म्हणून चौकटीच्या आत जाऊन बसले. आता बाहेर पडता येत नाही. पाय गजाच्या वर हवेतच अडतो. हातही. चौकट उचलावी तर जमिनीला चिकटलीय. पिशवी बाहेर, हातभर अंतरावर, फोन तिच्यात. हातात फक्त ही वही. ठमाबाईंनी मला ओढून पाहिलं, मग रडतच चांदभाईंना आणायला पळाल्या. गज कापला की सुटेन. मला फार भीती वाटतेय.

शुक्रवार, १२
एका रात्रीत गवत कमरेइतकं. गज झाकला, पिशवीही. चांदभाई कटर घेऊन आले. मी ओरडले — दोघं समोरून निघून गेले. चांदभाई म्हणत होते, मावशी, चौकटच दिसंना, नुस्तं गवात हाय. ठमाबाई हाका मारतायत, बाई, कुठं हायसा. इथे आहे. इथेच —

शनिवार, १३
तहान लागत नाही. रडू येतं, पाणी येत नाही.
पाय शोधले. गुडघ्याखाली हाताला मातीच लागते — खोल —

रविवार
फोन वाजतोय. इंद्राच. वाजत राहा गं, थांबू नकोस —

आवाजावरून ठमाबाई आल्या. फोन उचलला. पोरीला सांगतायत, आई निघाली आसंल बाळा, यील आता.
नाही. इंद्रा, मी हातभरावर —

जागा एकविसावी. उघडी माती शून्य. कुसळी, टाकळा, आणि अनोळखी रोप एक. मूळ आत —

ठमाबाई वाकल्या. हे झाड कुठलं म्हणायचं, कधी पाह्यलं न्हाई, म्हणाल्या. पानावरून हात फिरवला. माझ्या गालावर त्यांची खरखरीत बोटं —