पट एकवीस

१० मार्च
टीव्हीवर राज्याचं बजेट पाहिलं. पूल, रस्ते, आणखी पूल. शाळांचा विषय निघाला आणि नेमकी लाइट गेली. बायको म्हणाली, बरंच झालं. मी घाबरलेलो नाही.

१२ मार्च
केंद्रप्रमुखांचा फोन. निधी कमी, म्हणून वीसच्या आत पट असलेल्या शाळा शेजारच्या गावात विलीन. मंगळवारी तपासणी. माझ्या शाळेचा पट नऊ. फोन ठेवला तेव्हा तळहात ओले होते. उकाडा फार आहे यंदा.
संकल्प: पाच दिवसांत अकरा विद्यार्थी मिळवणे.

१३ मार्च
घरोघर फिरलो. सगळे कांदे काढायला गेलेले. झुंबरबाई तेवढी भेटली, चहा पाजला. वय सत्तर. पटावर घेता येत नाही.

१४ मार्च, सकाळी ११
युक्ती सापडली! भिंतीपलीकडे सरिताताईंची अंगणवाडी, तिथे बारा पोरं. मंगळवारी ती माझ्या पहिलीत बसतील. ताईंची तपासणी बुधवारी, तोवर परत. ताईंनी विचारलं, सर, माझं काही वाकडं नाही ना होणार? म्हटलं, मी आहे ना.

१६ मार्च
गणवेश जमवले. बादल चार वर्षांचा, त्याची चड्डी दोनदा गुंडाळली. इयत्ता विचारली की 'खिचडी' म्हणतो. सुधारेल. रात्रभर जागाच होतो. डास फार झालेत.

१७ मार्च, सकाळी १०
जीप आली. दोघं उतरले. आमचे विस्तार अधिकारी आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका! डिझेल वाचवायला दोन्ही खात्यांची एकच गाडी. वही टेबलाखाली सारतो.

दुपारी २
साहेबांनी मुंडकी मोजली. एकवीस. सही. पलीकडे मॅडमनी रिकामी खोली पाहिली. शून्य. सही. सरिताताई खिडकीशी येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मी फळ्याकडे वळून बाराखडी लिहिली. तेवढ्यात खिचडीचा वास आला आणि आपण इथे आहोत हे ताईंना कळावं म्हणून बादल ओरडला, 'बाई, मी आठे शे!' मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. साहेब म्हणाले, पोरगं चुणचुणीत आहे. मग दोघं एकाच जीपमधून गेले. एकमेकांना काही विचारलं नाही.
शाळा वाचली. बाकीचं मी निस्तरतो.

२ एप्रिल
अंगणवाडी बंद. सरिताताईंना सात किलोमीटरवरच्या गावी पाठवलं. जाताना खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी कडक अर्ज लिहिलाय. उद्या देणार.

२१ एप्रिल
अर्ज बॅगेतच आहे. दिला तर बारा पोरं त्या दिवशी कुठे होती, हे लिहावं लागेल. भीती नाही. योग्य वेळ बघतोय.

१६ जून
शाळा सुरू. धाकट्यांना ठेवायला जागा उरली नाही, म्हणून आयांनी त्यांना चाळीसगावच्या इंग्लिश नर्सरीत घातलं. व्हॅन दारात येते. धाकट्यांवर लक्ष ठेवायला थोरलेही त्याच व्हॅनमध्ये. माझ्या नऊपैकी सात गेले. पट दोन.

दुपारी १२
बादलच्या आईला व्हॅन परवडत नाही. तो ताट घेऊन बंद अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसला. विचारलं, सरिताबाई कोठे शे? मी म्हणालो, येतील. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो.
घाबरलोय. साहेबांना नाही. तो तिसऱ्यांदा विचारेल, त्याला.